दगड कोरडा आहे तोवर

आमच्या घराण्यात पाण्याबद्दल कुणी खोटं बोलत नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलतो. मी तर जरा जास्तच बोलतो. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, खाल्लेली जिलबी मी घरी येऊन सांगेपर्यंत ट्रकच्या चाकाएवढी होते, आणि बायको पाहुण्यांना शांतपणे म्हणते, "यांनी काहीही सांगितलं की त्याला चारानं भागायचं." पण पाण्याची गोष्ट वेगळी. पाणी आमच्या रक्तात आहे. माझे पणजोबा संस्थानच्या काळात तलावांच्या खात्यात होते. हुद्दा नक्की काय, ते कुणालाच माहीत नाही. माझ्या लहानपणी ते कारकून होते, मी कॉलेजात गेलो तोवर ओव्हरसियर झाले, आणि आता माझी मुलगी भंवरकुआंच्या कोचिंगमधल्या मैत्रिणींना सांगते की ते चीफ इंजिनियर होते. मेल्यावर इतकी प्रमोशनं मिळालेला दुसरा माणूस इंदुरात नसेल. ते म्हणे तलावाच्या बांधावरच झोपायचे आणि एखादा बेडूक भलत्या वेळी ओरडला तरी ताडकन उठून बसायचे. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं की सांगायचे, पाऊस देवासला पडला का महूला.

या पणजोबांनी जमीन ठेवली नाही, सोनं ठेवलं नाही. एक रिवाज ठेवला. पाण्याकाठी बसायचं तर आधी मुठीएवढा एक दगड उचलायचा आणि पाण्यापासून वीतभर वर ठेवायचा. दगड कोरडा आहे तोवर बसा, खा, गाणी म्हणा, भांडा. दगड भिजला की उठायचं. जेवत असाल तर हातातला घास तोंडात घालायचा आणि उठायचं. वाद नाही, विचारणं नाही. आणि दगड ठेवायचा मान घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा.

गेल्या भाद्रपदात तो मान अण्णांचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, हातात काठी. त्याच्या आधीच्या थंडीत आई गेली आणि अण्णा बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. पोळी अर्धी खायचे, अर्धी ताटाखाली सारायचे. टीव्ही चालू असला तर चालू, बंद असला तर बंद. मला शिव्या देणंसुद्धा त्यांनी सोडलं, आणि आमच्याकडे हे फार वाईट लक्षण मानतात. डॉक्टर म्हणाले, गोळ्या मी देईन, इच्छा कुठून देऊ? ते ऐकून मी घाबरलो. हा माणूस एक दिवस त्या खुर्चीतच विझून जाणार, आणि आम्ही चहा घेऊन येऊ तेव्हा कळेल, असं मला रोज सकाळी वाटायचं.

माझा चुलत भाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याचं पोलोग्राउंडला छोटं वर्कशॉप आहे. एका रविवारी तो आला आणि इंदुरात सगळेच एकमेकांना हाक मारतात तशी मारत, चपला काढता काढता म्हणाला, "भिया, काकांना घेऊन चल ना कुठंतरी. घाट उतरलं की खाली एक वॉटर पार्क झालंय. थेट नदीवर. बोअरिंगचं पाणी नाही, औषध नाही, एकदम नॅचरल."

मी म्हटलं, "अण्णा आणि वॉटर पार्क? घसरगुंडीवरून सोडतोस का त्यांना?"

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. आम्ही दोघंही दचकलो.

"तिथं बाफले लावता येतात का?"

बाफले ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कणकेचे मोठे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि वरणाबरोबर खायचे. माळव्यात राहून ज्याला हे जमत नाही त्याला मुलगी देऊ नये. आमच्याकडे कणीक आईची आणि आग अण्णांची, ही वाटणी त्यांच्या लग्नापासूनची. आई गेली तशी गोवऱ्यांची पोती गच्चीवर तशीच पडून होती.

"लावता येतात, काका," दादा म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. पण अण्णांनी काठी हातात घेतली होती, आणि त्या काठीकडे बघून आम्ही दोघांनी त्याच क्षणी ठरवलं, लावता येणारच.

बाफले बायकोनं पहाटे उठून घरीच उकडले. सहा माणसं, म्हणजे अण्णा, मी, बायको, मुलगी, दादा आणि वहिनी. एक गाडी, एक पोतं गोवऱ्या, वरणाचं पातेलं आणि तुपाचा डबा. घाटात ऊन असं लख्ख होतं की डोंगर नुकते धुऊन वाळत घातल्यासारखे दिसत होते. फक्त पलीकडे, नदी येते त्या बाजूला, आभाळाला एक शाईचा डाग पडला होता. बायकोनं तो बघितला. "तिकडे पाऊस आहे वाटतं," ती म्हणाली.

"तो तिकडे आहे," दादा म्हणाला. "आपण इकडे आहोत."

पार्क म्हणजे काय वर्णावं! गेट लग्नाच्या मांडवाचं, आत पत्र्याच्या खोल्या, भाड्यानं नायलॉनचे कपडे, आणि चार दिशांना चार भोंगे. मुडद्याला उठून नाचायला लावतील असे भोंगे. नदी डोंगराच्या खिंडीतून खाली येते, तिला रेतीच्या बोऱ्या, म्हणजे वाळूची पोती, रचून पायऱ्यापायऱ्यांनी अडवलेलं. बोऱ्यांच्या प्रत्येक भिंतीमागे एक कुंड, कुंडात पोरंबाळं, काकवा, टायरच्या ट्यूब. पाणी हिरवं, काचेसारखं. तळाचा गोटान् गोटा दिसत होता. वहिनी म्हणाल्या, "किती शांत आहे हो नदी." भोंगे होते म्हणून ती शांत वाटत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

काठावर चूल मांडायला जागा नव्हती. चिखल आणि गर्दी. शिट्टी गळ्यात घातलेला एक माणूस म्हणाला, "उस चट्टान पे बैठ जाओ, सब बैठते हैं." नदीच्या मधोमध एक काळा सपाट खडक होता, दोन बैलगाड्या मावतील एवढा. (चारानं भागू नका, खरंच तेवढा होता.) काठ आणि खडक यांच्यामध्ये घोट्याएवढं पाणी आणि पाय ठेवायला गोटे. दादानं आणि मी अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट पलीकडे नेलं. मध्ये अण्णा म्हणाले, "नीट धर, गाढवा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यापासूनची पहिली शिवी.

खडकावर खुर्ची टेकली. अण्णांनी काठीनं एक गोटा जवळ ओढला, वाकून उचलला, हातात फिरवला. मला खुर्ची पुढं सरकवायला लावली आणि पाण्यापासून वीतभर वर तो ठेवला. खडकात तिथं चुन्याची एक पांढरी रेघ होती, बोटाएवढी जाड. दगड बरोबर त्या रेघेवर. "हं," ते म्हणाले. "बसा आता."

आम्ही निर्धास्त बसलो. घराण्याचा दगड पहाऱ्यावर होता.

बायको आणि मुलगी खालच्या कुंडात गेल्या. दादा डोक्याखाली गोवऱ्यांचं रिकामं पोतं घेऊन आडवा झाला. वहिनी चटणी वाटायला काठावर गेल्या, खडक हलतो म्हणून. खडक हलत नव्हता. पण त्या म्हणाल्या, "मला हलल्यासारखा वाटतो," आणि गेल्या. अण्णांनी आग अशी लावली की त्यांच्या वयाची वीस वर्षं त्यात जळून गेली. पहिला घाणा निघाला. राख झटकून त्यांनी एक बाफला फोडला, वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईला खारट लागला असता." आणि हसले. मी मनातल्या मनात डॉक्टरला फोन लावला की इच्छा मिळाली, नदीत होती.

दुसरा घाणा निखाऱ्यात गेला आणि त्यानंतर गोष्टी बदलायला लागल्या.

आधी मुंग्या आल्या. लाल मुंग्या, तोंडात पांढरी अंडी घेतलेल्या, खडकाच्या कडेनं रांगच्या रांग वर चढत होत्या. बाफल्यांच्या वासानं येत असतील म्हणून मी तुपाचा डबा उचलून वर ठेवला. पण त्या डब्याकडे गेल्या नाहीत. चुलीकडेही नाही. त्या नुसत्या वर चालल्या होत्या. अण्णांच्या खुर्चीच्या पायावरून वर, पाठीवरून वर, आणि पाठीच्या टोकाला पोचून तिथं गोळा होत होत्या, कारण त्याच्या वर काही नव्हतं.

मग पाण्याचा रंग बघितला. हिरवा गेला होता. चहात दूध टाकल्यावर पहिल्या क्षणी जसं दिसतं तसं काहीतरी ढवळत होतं. पाचोळा आला. फेस आला. मग एक चप्पल आली, लहान पोराची, निळी. ती माझ्या समोरून गेली. थोड्या वेळानं तिच्याच जोडीची दुसरी गेली. वर, खिंडीच्या बाजूला, एकही कुंड नव्हतं. वर कुणी पोहत नव्हतं. त्या चपला कुणाच्या, ते मला आजही माहीत नाही.

"दादा," मी म्हटलं, "उठ जरा. पाणी बघ."

दादानं एक डोळा उघडला. "दगड कोरडा आहे ना?"

मी बघितलं. दगड कोरडा होता. खणखणीत कोरडा, उन्हात तापलेला, पाण्यापासून वीतभर वर.

"आहे," मी म्हटलं.

"मग टेंशन कशाला घेतोस," म्हणून त्यानं कूस बदलली.

मीही बसलो. खोटं कशाला सांगू, दगड बघून जिवाला बरं वाटलं. बाफले फुटायला लागले होते, भोंग्यावर एक धांगडधिंगा चालला होता, ऊन डोक्यावर. आणि तरी काहीतरी चुकत होतं. चित्राची चौकट वाकडी लागली की डोळा सारखा तिकडे जातो, तसा माझा डोळा त्या दगडाकडे जात होता. मग कळलं. रेघ नव्हती. दगडाखाली ती चुन्याची पांढरी रेघ नव्हती. मी सगळ्या खडकावर रेघ शोधली, आणि ती सापडली तेव्हा पाण्याच्या आत होती. गढूळ पाण्याखाली, पुसट, आजारी माणसाच्या जिभेसारखी.

मी अण्णांकडे बघितलं. ते निखारे उलटे करत होते. डाव्या हातात चिमटा. उजव्या हातातली काठी खाली लोंबत होती, आणि माझ्या देखत त्या काठीचं टोक हळूच दगडाला लागलं आणि दगड वर सरकला. अगदी सहज. पानात पडलेला खडा बाजूला करावा तसा.

मी गुडघ्यांवर सरकत खुर्चीशी गेलो.

"अण्णा, दगड तुम्ही सरकवलात?"

"सरकवला नाही. नीट ठेवला."

"किती वेळा?"

"बाफले मधून कच्चे आहेत अजून," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "कच्चा बाफला कुणाला वाढू नये. थोडा वेळ थांब. मग जाऊ घरी, तिथं काय, बसायचंच आहे."

मी उठलो. खालच्या कुंडात बायको आणि मुलगी ट्यूबवर डोलत होत्या. हाका मारून उपयोग नव्हता. भोंग्यापुढं ढग गडगडला असता तरी ऐकू आला नसता. मी हात हलवले. बायकोनं हात हलवला, टाटा केल्यासारखा. मग मी उजव्या हाताची दोन बोटं वर केली, एकमेकांना चिकटवून, आडवी धरली. रेघेवर दोन बोटं पाणी चढलंय. एवढंच.

एरवी मी भाजी मंडईतून गाजर आणतो तेव्हा दोन्ही हात ताणून त्याची लांबी दाखवतो. डास चावला तर चिमणीएवढा दाखवतो. तीस वर्षांच्या संसारात बायकोनं मला दोन बोटं दाखवताना कधी बघितलं नव्हतं. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि चारानं भागायच्या ऐवजी बहुतेक गुणलं. मुलीला दंडाला धरून तिनं ट्यूबवरून ओढून काढलं, आणि ती भाड्याच्या जांभळ्या नायलॉनमध्ये काठानं अशी पळत आली की वाटेतली माणसं आपोआप बाजूला झाली. तिला पळताना बघून आणखी चारपाच बायकांनी आपापली पोरं पाण्याबाहेर ओढली. का, ते त्यांनी विचारलं नाही.

दादा उठला. त्यानं पाणी बघितलं, मग काठ. येताना पाय ठेवलेले गोटे दिसत नव्हते.

"काका, चला."

"घाणा निघू दे."

"काका, घाणा गेला खड्ड्यात!"

"तुझ्या काकूची कणीक नाही ही, माहीत आहे मला," अण्णा म्हणाले. "तरी निघू दे."

आणि तेव्हा वीज गेली.

भोंगे मधल्या शब्दावर तुटले. सगळ्या पार्कवर एक पोकळी पसरली आणि त्या पोकळीत आम्हाला नदी ऐकू आली. ती कधीपासून तसा आवाज करत होती कोण जाणे. खळखळ नव्हती ती. वर खिंडीत कुणीतरी मोठमोठी कपाटं फरशीवरून ओढत आणत होतं, आणि ती जवळ येत होती. पोरं रडायची थांबली. कुणाचीतरी शिट्टी वाजायला लागली आणि थांबेचना.

अण्णांनी मान वर केली. त्यांनी तो आवाज नीट ऐकला, पणजोबांसारखा, डोकं एका बाजूला कलतं करून. मग चिमटा खाली ठेवला, काठी काखेत धरली, निखाऱ्यांशेजारची पहिल्या घाण्याची परात उचलून मांडीवर घेतली आणि एका हातानं खुर्चीचा हात धरला.

"चला," ते म्हणाले.

दादा पुढं, मी मागं. "भिया, पाऊल उचलायचं नाही," दादा ओरडला, "सरकवायचं! मशीन उतरवतो तसं! उचललंस की गेलास!" पाणी गुडघ्यावर होतं आणि ढकलत होतं, चिडलेल्या म्हशीनं ढुशी मारावी तसं. खुर्चीचे पाय पाण्यात बुडाले आणि प्रवाहानं खुर्ची आडवी ओढली. प्लास्टिक वाकलं. तापलेली परात अण्णांच्या मांड्या भाजत असणार. त्यांनी हूं की चूं केलं नाही. माझ्या हातांवरून मुंग्या चालत होत्या, खुर्चीवरून माझ्या कोपराकडे, कोपरावरून वर. काठावरून बायको मांडीएवढ्या पाण्यात उतरली आणि तिनं खुर्चीचा हात पकडला. तिचा दुसरा हात मुलीनं धरला होता, आणि मुलीला वहिनींनी. मुलगी किंचाळत होती, "आजोबा, परात सोडा ना! छोड़ो उसको!"

"का सोडू? हे झालेत," अण्णा म्हणाले.

आम्ही काठावर त्यांना खुर्चीसकट चिखलात आदळलं आणि वर ओढलं, अजून वर, पत्र्याच्या खोल्यांपर्यंत. मागं सगळ्यात वरची बोऱ्यांची भिंत फुटली. मग खालची. मग त्याखालची, पायऱ्यापायऱ्यांनी, प्रत्येक वेळी धप्प असा पोटातला आवाज. पाणी आलं ते पाण्यासारखं नव्हतं, माती उभी राहून चालत आली होती. आमच्या चुलीचा एकदाच चर्र आवाज झाला. खडक होता तिथं नदी थोडी उंच दिसत होती, बस्स, अंगावर पांघरूण घेतल्यासारखी. ऊन तसंच पडलं होतं. सगळ्या गोष्टीवर लख्ख ऊन.

दादा उताणा पडून धापा टाकत होता. अण्णा परात धरून बसले होते आणि नदीकडे बघत होते.

"दगड?" त्यांनी विचारलं.

"तिथंच राहिला, अण्णा."

त्यांनी मांडीवरची परात सारखी केली.

"आता भिजला असेल," ते म्हणाले.

ते बाफले आम्ही तिथंच खाल्ले, पत्र्याच्या खोलीच्या भिंतीला टेकून, तुपाशिवाय, वरणाशिवाय, कारण दोन्ही वाहून गेलं होतं. अण्णांनी दोन पूर्ण खाल्ले. त्यांच्या मांड्यांवर परातीच्या कडेची लाल कोर उठली होती. ती घरी आल्यावर बायकोला दिसली, मलम लावताना. "दुखत नाही का अण्णा?" तिनं विचारलं. "दुखतंय ना," ते म्हणाले, आणि आवाजात तक्रार नव्हती.

तेव्हापासून ते पूर्ण पोळी खातात. मला शिव्या देतात. गच्चीवरच्या गोवऱ्यांना ऊन दाखवायला लावतात. मी ही गोष्ट सांगायला बसलो की पाणी दर वेळी थोडं चढतं. परवाच्या मुंजीत ते दादाच्या मिशांपर्यंत पोचलं होतं. अण्णा शेजारून म्हणतात, "थापा मारतो. घोट्याएवढं होतं." म्हणजे मी वर सरकवतो आणि ते खाली. बायको आमच्या दोघांच्या मधली खरी उंची जाणते, पण ती त्यावर बोलत नाही. उठून स्वयंपाकघरात जाते आणि नळ बंद आहे ना ते बघून येते.

काल संध्याकाळी आभाळ मोकळं होतं. अण्णा खुर्चीत बसून काठीचं टोक फरशीवर टेकवत होते, पुढं, मागं, पुढं. म्हणाले, "भाद्रपद लागतोय. जाऊन येऊ पुन्हा."

मी उठून स्वयंपाकघरातला नळ बंद आहे ना ते बघून आलो.

"या वेळी दगड तू ठेव," ते म्हणाले.

"मान तुमचा आहे, अण्णा."

"माझा हात आता खोटा झाला," ते म्हणाले, आणि काठी उचलून माझ्या हातात दिली. "आणि ही तुझ्याकडे ठेव. मी खडकावर बसलो की मला देऊ नकोस."